कंटाळवाणी गाडी घे: आउटबॅकसाठी सेकंडहँड फोर बाय फोर निवडताना

तुझ्या मामाने तुझा मेसेज पुढे पाठवला आणि वर लिहिलं, "याला जरा नीट सांग, हा फोटो बघून गाडी घेणारा माणूस आहे." मामा आणि मी सांगलीला एकाच बॅचला डिझेल मेकॅनिकचा आयटीआय केला, तो तिकडेच राहिला आणि मी गेली बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गॅरेजमध्ये हात काळे करतोय, त्यातली शेवटची दहाएक वर्षं तर मुख्यतः लोकांनी घ्यायला काढलेल्या जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या) तपासून द्यायचंच काम. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

तुझा प्लॅन मला कळला तो असा. मेलबर्नहून जूनमध्ये निघायचं, तुम्ही दोघं आणि दोन मुलं (नऊ आणि बारा), दहा आठवडे. फ्लिंडर्स रेंजेस, ऊडनाडाटा ट्रॅक, उलुरू, ॲलिस स्प्रिंग्ज, मग गिब रिव्हर रोड आणि पश्चिम किनाऱ्याने खाली येऊन नलारबॉरवरून घरी. बजेट २८ हजार डॉलर. तीन गाड्या हेरल्यास: २०११ची प्रॅडो डिझेल ऑटोमॅटिक, २ लाख ६२ हजार किमी, एकच मालक, रिटायर्ड आजोबा, २६ हजार. २००५ची पॅट्रोल, ३ लिटर डिझेल, ३ लाख १० हजार किमी, उचललेली, बुलबार (पुढचा लोखंडी कठडा), छतावर तंबू, लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं), विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर), सगळं "रेडी टू गो", २४ हजार. आणि २०१४ची पजेरो डिझेल, १ लाख ७८ हजार, साडेएकोणीस हजार, जिच्याबद्दल तू लिहिलंस की "जरा साधीच वाटते". शिवाय घरची एसयूव्ही आहेच, ती नाही का चालणार.

घरच्या एसयूव्हीचं आधी उरकतो. कोरड्या दिवसांत ऊडनाडाटा ट्रॅक तिने होतो, लोक करतात. पण तिला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीने चालायचे गिअर, नाही, पोट जमिनीला टेकतं, डिकीत ती बारकी तात्पुरती स्टेपनी आहे आणि गिब रिव्हर रोडवर तिच्या टायरांचे हाल होतील. दहा आठवड्यांसाठी नको.

आता मुद्दा. आउटबॅक, म्हणजे इथला आतला ओसाड भाग, म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे गाडी दगडावर एक चाक वर करून उभी असलेला फोटो येतो, आणि मग सगळी खरेदी त्या फोटोसाठी होते. तुझ्या रूटवर तसला दगड जवळजवळ येतच नाही. तिथे गाडी मरते ती चार गोष्टींनी, थरथर, धूळ, उष्णता आणि वजन, आणि या चारही गोष्टी हळूहळू मारतात, म्हणजे विकत घेताना दिसत नाहीत. पन्हाळी पत्रा असतो ना आपल्याकडे छपराचा, तो आडवा पसरून त्यावर ऐंशीच्या स्पीडने दिवसभर गाडी चालवतोयस असं समज, रस्ते तसे आहेत. नट ढिले होतात, शॉकअबसॉर्बरमधलं तेल उकळायला लागतं, बॅटरीचा ट्रे तडकतो, छतावरचा कॅरिअर त्याच्या पायांपाशी चिरतो. विंचने यातलं काहीच थांबत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, जास्तीत जास्त कंटाळवाणी गाडी घे. कंपनीतून आली तशी, कुणी हौस न केलेली, बिलांची फाइल असलेली.

पॅट्रोलचा मालक तुला सांगेल की त्याने पंधरा हजाराचं सामान लावलंय. लावलं असेल. पण दोन इंच उचललेल्या गाडीत ते काम कुणी केलं, गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जाणाऱ्या शाफ्टचा कोन काय झाला, बुलबारच्या वजनाला धरून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या का, वायरिंग कुणी ओढलं, हे सगळं तुला दुसऱ्याच्या हौसेवर विश्वास ठेवून घ्यावं लागतं. वाटेत बंद पडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्यात लाइटबार आणि दुसऱ्या बॅटरीच्या घरगुती वायरिंगच्या इतक्या असतात की मी आता बोनेट उघडल्यावर आधी टेप गुंडाळलेले जोड मोजतो, इंजिन नंतर.

आता वजन, आणि इथे जरा थांब कारण हे कुणी विकणारा सांगत नाही. प्रत्येक गाडीला जीव्हीएम असतो, म्हणजे गाडी, माणसं, डिझेल, सामान सगळं धरून कायद्याने जास्तीत जास्त किती वजन. आकडा प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. त्यातून नुसत्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुझं. तू बघतोयस त्या साइजच्या गाड्यांना हे साधारण सहाशे ते सातशे किलो असतं, आणि ऐकायला भरपूर वाटतं. आता मांड हिशोब. चार माणसं २६०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. दुसरी स्टेपनी ३५. फ्रिज भरलेला ४०. बुलबार ७०. मागचे ड्रॉवर ७०. छतावरचा कॅरिअर ३०, त्यावरचा तंबू ६५. दुसरी बॅटरी २८. कपडे, भांडी, किराणा ८०. हत्यारं आणि गाडी ओढायचं सामान २५. जास्तीचं डिझेल ८० लिटर, डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून ६७. झाले ८३०. नाकापेक्षा मोती जड. आणि यात मुलांच्या सायकली नाहीत ज्या तू मेसेजमध्ये हळूच घुसवल्यास.

जास्त वजन झालं तर काय होतं? पहिलं, अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. दुसरं, गाडी तुटते. मी स्वतः पहिल्या ट्रिपला शहाणपणा केला होता, कुठली गाडी ते जाऊ दे कारण दोष तिचा नव्हताच, छतावर दोन जेरीकॅन, लाकडं, तंबू, एक जादा चाक असं सगळं रचून निघालो, आणि तिसऱ्या दिवशी मागच्या शॉकचं वरचं माउंट चॅसीपासून उखडलं. दोन दिवस एका रोडहाउसच्या मागे बसून होतो, बायको बोलत नव्हती, मुलगी तेवढी तिथल्या कोंबड्यांमागे पळत होती म्हणून बरं. वेल्डिंग करायला आलेला म्हातारा एवढंच म्हणाला की छतावरचं उतरव आणि फुकट वाटून टाक. वाटून टाकलं.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात कर. आधी सामानाची यादी आणि वजन, मग गाडी. तुम्ही चौघं आहात तर जमिनीवरचा साधा तंबू घे, छतावरचा नको, तो ६५ किलो नेमका सगळ्यात वाईट जागी ठेवतो. ड्रॉवर काढून टाक, प्लास्टिकचे डबे आणि पट्टे चालतात. ८० लिटर जास्तीचं डिझेल तुला लागत नाही, आणि तेही गाडीवर अवलंबून आहे, ते सांगतो.

ऊडनाडाटा ट्रॅक मारी ते मारला सुमारे ६२० किमी, पण मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटाला डिझेल मिळतं, म्हणजे अंतरं दोनशे-दोनशेची. (हा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो, आणि त्याआधी इथून माल न्यायचे ते उंटवाले, ज्यांना सरसकट अफगाण म्हणायचे पण त्यातले बरेच तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले होते. मारीला थांबशील तेव्हा मुलांना दाखव. उंटावरचा शहाणा ही म्हण मी तिथे बसून बायकोला ऐकवली होती, ती म्हणाली आरसा बघ.) गिब रिव्हर रोड डर्बीपासून कुनुनराच्या बाजूला सुमारे ६६० किमी, त्यात माउंट बार्नेटला रोडहाउस आहे. नलारबॉर डांबरी, डिझेलची अजिबात काळजी नाही. ॲलिसवरून हॉल्स क्रीकला तानामीच्या मातीच्या रस्त्याने जायचं डोक्यात असेल तर ते वेगळं, हजार किमीच्या वर, युएंडुमु सोडल्यावर पाचशेहून जास्त किमी काही धरून चालायचं नाही, आणि वस्तीवरचा पंप रविवारी बंद असू शकतो. पहिल्या वेळेला कॅथरिनवरून डांबरीने जा, लांब पडतं पण मुलांना पोहायला मिळतं. आणि सिम्पसन डेझर्टचा विषय या वर्षी काढायचाच नाही, अकराशेच्या आसपास वाळूच्या टेकड्या एकामागून एक, भरलेली गाडी, पहिलीच ट्रिप, नको.

तर प्रॅडोच्या त्या मॉडेलला दोन टाक्या मिळून १५० लिटर मावतं. भरलेली गाडी, मातीचा रस्ता, १३ लिटरला शंभर किमी धर, अकराशे किमी रेंज झाली, जेरीकॅनची गरज संपली. पजेरोला ८८ लिटर, साडेसहाशेच्या आसपास. तुझ्या रूटला तेही पुरतं, फार तर एक जेरीकॅन गिबपुरता. यामुळेच मी लोकांना सांगतो की नकाशा आधी, गाडी नंतर.

आता गाडी बघायला जाशील तेव्हा. फोनवरच सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लाव, गरम असेल तर त्याने थंडीतला आवाज लपवलाय असं समजून पुढे बोल. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघ, कूलंट स्वच्छ रंगाचं हवं, तपकिरी नको, वर तेलाचा तवंग तर अजिबात नको. मग चालू करायला सांग आणि पहिली पाच-दहा सेकंदं नुसता कान दे. चेनचा खळखळाट, इंजेक्टरची टकटक, धुराचा रंग, सगळं त्या दहा सेकंदांत असतं. जरा गरम झालं की तेल भरायचं झाकण उघड, थोडा श्वास येणारच, पण भाताच्या कुकरसारखी वाफ भसाभसा येत असेल तर रिंगा गेल्यात.

मग एअर फिल्टर. हे मी मुद्दाम जास्त लिहितोय. फिल्टरचा डबा उघड, फिल्टर बाजूला काढ, आणि फिल्टरच्या पुढे इंजिनकडे जाणारा जो स्वच्छ पाइप असतो त्याच्या आत बोट फिरव. बोटाला लाल पीठ लागलं की गाडी तिथेच सोडून घरी जा, मालक काहीही म्हणो. आउटबॅकची ती धूळ म्हणजे आपला फुफाटा, टाल्कम पावडरसारखा बारीक, आणि ती एकदा फिल्टर चुकवून आत गेली की सिलिंडर, रिंगा आणि टर्बोच्या पात्या सँडपेपर मारल्यासारख्या घासल्या जातात. माझ्याकडे एक गाडी आली होती, सव्वा लाख किमी, आतून बाहेरून आरशासारखी, मालकाने सर्व्हिस एकही चुकवली नव्हती, फक्त कधीतरी फिल्टर बदलताना डब्याची एक क्लिप तुटली आणि कुणी ती बदलली नाही. एका ट्रिपमध्ये कॉम्प्रेशन गेलं. एक क्लिप! स्नॉर्केल (इंजिनची हवा छताच्या उंचीवरून घेणारा पाइप) लावलेल्या गाडीत तर पाइपचे जोड नक्की बघ, बरेच स्नॉर्केल पाणी अडवायला म्हणून लावतात आणि जोड असे करतात की धूळसुद्धा अडत नाही.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटपर्यंत. जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथे चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. लाल माती असेल तर वाळवंट बघून आलीय, त्यात वाईट काही नाही, फक्त मालक "नाही हो, शाळेत सोडायलाच वापरली" म्हणत असेल तर मग वाईट आहे. खाली झोप, लाजू नकोस, सोबत सतरंजी ने. चॅसीच्या आतल्या बाजूला, बॉडी माउंटच्या आसपास, टाकीच्या वरच्या कडेला, ब्रेकच्या पाइपांवर गंज बघ. क्वीन्सलँडच्या बऱ्याच गाड्या क'गारीच्या, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर आयलंडच्या, समुद्रकाठच्या वाळूत खेळून आलेल्या असतात आणि खारं पाणी चॅसीला आतून खातं. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला की मला तरी तो रंग नाही, झाकण दिसतं. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर दाराच्या बिजागऱ्यांजवळ तडे बघ, थरथरीने तिथेच पहिली चीर जाते. शॉकवर तेलाचे ओघळ, रबरी बुश फाटलेले, हे दोष नाहीत, हे भाव कमी करायचे मुद्दे आहेत, कारण ते तू बदलणारच आहेस.

डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) फिलर प्लग उघडू देत असेल तर बोट बुडव. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर नदी ओलांडताना आत पाणी गेलंय आणि नंतर कुणी बदललेलं नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालसर हवं, जळका वास नको. लो रेंज टाकून बघ, डांबरावर नको, मातीवर किंवा गवतावर, पुढे मागे, गोल वळव. कित्येक शहरी गाड्यांना लो रेंज आयुष्यात कधी लावलेलीच नसते आणि मग तो लिव्हर किंवा ती मोटर गंजून बसते. दिवा लुकलुकत राहिला म्हणजे लागलेली नाही.

टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची नको. अर्धा तास, हायवेला ११०च्या जवळ, एसी चालू, शक्य झालं तर चढ. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा मध्यावर गेला की तिथेच चिकटून बसेल असाच बनवलेला असतो, तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून तीस-चाळीस डॉलरचं ब्लूटूथवालं ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, घे, मोबाइलवर खरं तापमान दिसतं. नव्वदच्या आसपास राहिलं तर ठीक. रिकाम्या गाडीत, चढावर शंभरच्या पुढे जायला लागलं तर भरलेल्या गाडीने किम्बर्लीच्या उन्हात काय होईल ते तूच ठरव.

आता तीन गाड्या एकेक.

पॅट्रोलवर वेळ घालवत नाही. गाडी म्हणून तिचे सांगाडे आणि ॲक्सल दणकट, मला स्वतःला आवडतात, ४.२ लिटरचं जुनं डिझेल असतं तर वेगळं बोललो असतो, पण ३ लिटरच्या इंजिनचं पिस्टन जळायचं प्रकरण इथे सगळ्यांना माहीत आहे, ते मुख्यतः सुरुवातीच्या वर्षांचं आणि नंतर सुधारलं हे खरं, तरी वीस वर्षं जुनी, वर कुणाची तरी हौस, आणि बुलबार, विंच, ड्रॉवर, तंबू आधीच लावलेले म्हणजे तुम्ही चौघं बसायच्या आधीच निम्मं वजन खर्च. सोड.

प्रॅडो. पार्ट्स कुठल्याही गावात मिळतात, हा तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि तो भावात पुरेपूर धरलेला असतो. त्या ३ लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, दर दीड लाख किमीला बदलायचा. म्हणजे या गाडीचा एकदा झालेला असायला हवा, बिल माग, बिल नसेल तर झालेला नाही असं धरायचं. दुसरं, या इंजिनात इंजेक्टरखालचे सील गळतात, गळले की जळालेला वायू तेलात घुसतो, काजळी होते, आणि सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) तेल ओढून घेणारी जाळी चोंदते. तेलाचा प्रेशर गेला की इंजिन गेलं. सील कधी बदलले आणि जाळी कधी बघितली हे विचार. उत्तर कोरं आलं तर ते काम तुझ्या खर्चात धर, मग २६ची गाडी ३० ला पडते.

आणि ते एकच मालक आजोबा! आपल्याला आजोबा म्हटलं की रविवारी देवळात जाणारी गाडी वाटते. इथले आजोबा-आजी रिटायर झाले की मागे अडीच टनाचा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावून वर्षानुवर्षं देश फिरतात. स्टीअरिंगच्या खाली किंवा डॅशमध्ये ट्रेलर ब्रेकचं एक बटण असतं, ते किंवा ते काढल्यावरचं भोक शोध. टो बारचा गोळा किती झिजलाय बघ. ओढलेली गाडी वाईट नसते, पण गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदललेलं हवं, ट्रान्समिशन कूलर लावलेला असेल तर माणूस काळजी घेणारा होता.

पजेरो. तुला साधी वाटते कारण ती साधी आहे, आणि आपल्याकडच्या पजेरोची आठवण काढू नकोस, ही नंतरची, वेगळी चॅसी नसलेली, चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन. कट्टर मंडळी म्हणून तिला नाक मुरडतात आणि म्हणूनच ती स्वस्त मिळते, तुझा फायदा. पन्हाळी रस्त्यावर ती या तिघींत सगळ्यात आरामात चालते, मुलं मागे उलट्या करणार नाहीत. फोर व्हील ड्राइव्हचा तिचा जुगाड चांगला आहे, मधला डिफरन्शियल असल्याने डांबरावरही फोर हाय ठेवता येतो, सुट्या खडीवर गाडी सरळ राहते. ३.२ लिटर डिझेलला चेन आहे, बेल्टचा खर्च नाही, पण चेन सैल पडते ही तिची दुखरी बाजू, थंड गाडी चालू करताना खळखळ ऐकायला सांगितलं ते मुख्यतः हिच्यासाठी. इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) काजळी साठते, साफ करून घ्यायची. जमिनीपासून उंची तुझ्या रूटला पुरते.

कागद. पीपीएसआरच्या सरकारी साइटवर व्हिन नंबर (गाडीचा चॅसी नंबर) टाकून २ डॉलरमध्ये बघ, गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, राइट-ऑफ झालेली आहे का. गुगलवर वर येणाऱ्या साइट तीस-चाळीस डॉलर घेतात, तीच माहिती. पैसे द्यायच्या दिवशी परत एकदा बघ. साउथ ऑस्ट्रेलियात गाडी नावावर करताना साधारणपणे रोडवर्दी तपासणी (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का ती) लागत नाही, म्हणून इथल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण तू ती व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नला, नेऊन रजिस्टर करणार, तिथे रोडवर्दी लागेल, आणि तिथे नापास झालेल्या टायर-ब्रेक-बुशचा खर्च तुझा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी असली तरी सात-आठ वर्षांचं रबर आउटबॅकला नेऊ नकोस.

पैशाचं असं कर की २८ हजारातले सहा बाजूला काढूनच गाडी बघ. पाच नवीन एलटी टायर, म्हणजे जाड भिंतीचे, साध्या ऑल टेरेन नक्षीचे, यातच सतराशे-अठराशे जातील. पुढचे मागचे शॉक, आणि वजनाप्रमाणे मागच्या स्प्रिंगा. सगळी तेलं, कूलंट, होज, फॅनबेल्ट, बॅटरी, जुने काढलेले बेल्ट आणि होज फेकू नकोस, तेच स्पेअर म्हणून ने. डिझेलचा फिल्टर नवा, एक जादा सोबत, कारण कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनला पाणी मिसळलेलं डिझेल एकदाच पुरतं. एक यूएचएफ रेडिओ, हायवेला चॅनेल ४० वर रोड ट्रेनवाले (एकामागे एक ट्रेलर लावलेले ट्रकवाले) बोलतात, ओव्हरटेक करताना विचारून कर, ती पन्नास मीटर लांबीची रेल्वेगाडीच असते आणि तिच्या धुळीत समोरचं काही दिसत नाही. आणि एक पीएलबी, ती संकटात बटण दाबलं की मदतीचा सिग्नल पाठवणारी छोटी डबी, सरकारकडे फुकट रजिस्टर होते. मोबाइलला रेंज नसेल हे तुला कळतं, मुलांना आधी सांगून ठेव.

एवढं करून पैसे उरले तर कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घे, विंचपेक्षा शंभर पट कामाचे. डांबरावर ३८ पीएसआय असतील तर खडीवर अठ्ठावीसच्या आसपास आण आणि स्पीड ऐंशीच्या आत ठेव, पंक्चर कमी होतात, शॉक वाचतात, दाताच्या फिलिंगसुद्धा वाचतात. वाळूत अठरा. परत डांबरावर आलास की भर, हे विसरणाऱ्यांचे टायर हायवेवर फुटतात.

तर माझं मत, पजेरो. आधी तीच बघ, थंड असताना, आणि चेनचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. आवाज स्वच्छ असेल आणि फाइल असेल तर अठरा म्हण, साडेअठराला थांब. आवाज असेल तर प्रॅडोच्या आजोबांना फोन करून बेल्टचं आणि इंजेक्टर सीलचं बिल माग, दोन्ही असतील तर २२ पर्यंत जा, नसतील तर घाई करू नकोस, जून यायला वेळ आहे आणि अशा गाड्या दर आठवड्याला निघतात. कुठलीही घेतलीस तरी निघायच्या आठ दिवस आधी सगळं सामान, सगळी माणसं आणि फुल टाकी घेऊन पब्लिक वजनकाट्यावर उभी कर आणि पावतीचा फोटो पाठव. सायकली काढलेल्या असतील असं धरतो.